धुतलेले पाय

"पण फादर, त्या बारा जणांत माझं नाव का नाही?"

इनास तुस्कानो दारातच उभा होता. आत यायचा धीर होत नव्हता आणि परत फिरायला पाय निघत नव्हता.

फादर साल्वादोर देवळामागच्या खोलीत बाकावर बसले होते. पुढ्यात पितळी घंगाळ होते. चिंच लावून ते घासता घासता म्हातारा दमला होता, आणि आता हात मांडीवर टाकून नुसता घंगाळाकडे बघत होता.

"आत ये. ऊन लागतंय."

इनास आत आला. बसला मात्र नाही.

पवित्र गुरुवारची दुपार होती. प्रभूने आपल्या शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून या दिवशी संध्याकाळच्या मिस्साला, म्हणजे देवळातल्या सामुदायिक उपासनेला, फादर गावातल्या बारा पुरुषांचे पाय धूत. वेदीपुढे बारा खुर्च्या मांडत. त्यातल्या एकीवर बसायला मिळणे हा गावात मोठा मान. आणि इनास तर मुलांना धर्मशिक्षण देणारा. उपवासाच्या दिवसांत त्याने मासळीला हात लावला नव्हता, पहाटेची मिस्सा चुकवली नव्हती. त्याचे गाल आत गेले होते, डोळ्यांखाली काळे आले होते. यंदा आपले नाव नक्की, असे त्याने आईला सांगूनही टाकले होते. बिचारीने पांढरा सदरा इस्त्री करून खाटेवर पसरून ठेवला होता.

"सकाळी तुम्ही अकरा नावं वाचलीत," तो म्हणाला. "बारावं वाचलंच नाहीत."

"बारावं ठरलंय."

"कोण?"

"तुझा बस्त्यावकाका."

"ते? पावसाळ्यापासून देवळाची पायरी चढलेले नाहीत ते."

"पडला ना तो. कंबर मोडली. खाटेवरून उतरायचं तर भिंत धरावी लागते त्याला."

"मग येणार कसे?"

फादरांनी घंगाळ पुढे ओढले आणि पुन्हा घासायला घेतले.

"जो येऊच शकत नाही, त्याला खुर्ची देऊन काय उपयोग, फादर?"

"तेच बघतोय," फादर म्हणाले. "कुणी आणणारा आहे का."

...

बस्त्याव इनासच्या बापाचा सख्खा थोरला भाऊ. कुंपणापलीकडेच राहायचा, एकटा. एके वर्षी त्याने ते कुंपण केळीची एक रांग गिळून अलीकडे सरकवले. दोघा भावांचे बोलणे तुटले, ते इनासचा बाप मातीत जाईपर्यंत तुटलेलेच राहिले. सगळा गाव मयताला आला. शेजारच्या घराचे दार बंद होते.

"तुम्हाला सगळं माहीत आहे, फादर."

"माहीत आहे. चुकलंच त्याचं."

"माझी तक्रार नाही. मी त्यांना क्षमा केली आहे. अगदी मनापासून. रोज प्रार्थनेत त्यांचं नाव घेतो."

"त्याला ठाऊक आहे?"

"देवाला ठाऊक आहे."

"देवाला ठाऊक आहे..." फादरांनी डोळे मिटले. "देवाचं बरं आहे रे. त्याची कंबर मोडलेली नाही."

इनास आता बसला. बाकाच्या टोकाला.

"फादर, प्रभूची एकेक आज्ञा मला पाठ आहे. तिच्यावर माझा विश्वास आहे. मुलांना तेच शिकवतो मी. एका माणसाने आणखी काय करायचं?"

"चपला काढ."

"काय?"

"चपला काढ. पाय बघू तुझे."

इनासने चपला काढल्या. पाय लख्ख होते. टाचा दगडाने घासलेल्या, नखे कापलेली. नाव वाचले गेले नव्हते, तरी त्याने दुपारी विहिरीवर बसून पाय घासून ठेवले होते... न जाणो, फादरांना आयत्या वेळी आठवण झाली तर.

फादर हसले. हसता हसता त्यांना खोकला आला.

"तूसुद्धा! अरे, तुम्ही सगळे घरूनच पाय धुऊन येता. गेल्या वर्षी त्या अंतोनने तर पावडर लावली होती. मी पाणी ओततो, ते जसंच्या तसं घंगाळात पडतं. मिस्सा झाल्यावर त्याचा चहा टाकावा... थकलो मी, इनास. धुतलेले पाय धुऊन धुऊन थकलो."

"पण मळके पाय वेदीपुढे कसे न्यायचे, फादर?"

तो खरेच विचारत होता.

फादरांनी आपले मोजे काढायला घेतले. वाकता येईना. एका पायाच्या अंगठ्याने दुसऱ्या पायाचा मोजा ढकलत ढकलत त्यांनी ते कसेबसे उतरवले.

इनासने मान वळवली, आणि पुन्हा बघितले. सुजलेले पाय. टाचांना भेगा, भेगांत काळा मळ बसलेला. नखे वाढून आत वळलेली.

"गुडघे वाकत नाहीत," फादर म्हणाले. "हात पोचत नाही."

इनास उठला. रांजणातले पाणी तांब्याने घंगाळात ओतले. खाली जमिनीवर बसला आणि फादरांचे पाय त्याने पाण्यात घेतले.

बाहेर खुर्च्या ओढल्याचा आवाज येत होता.

घंगाळातले पाणी गढूळ झाले. इनासने ते अंगणात ओतले, दुसरे आणले. तेही गढूळ झाले.

"फादर... तुमचे पाय कोण धुतं?"

"कोण धुणार? पाय धुणारा तर मी."

इनासने पंचा घेतला, एकेक बोट पुसले.

"मी येत जाईन," तो म्हणाला. "दर शनिवारी येईन. नखं कापून देईन. शपथ, फादर, चुकवणार नाही."

"नको."

"का?"

"माझे पाय धुणं सोपं आहे. मी तुझं कुंपण सरकवलेलं नाही."

इनासचे हात थांबले.

...

बाहेरचा खुर्च्यांचा आवाज थांबला.

"ते शिव्या घालतील मला."

"घालेल. तोंड तिखटच आहे त्याचं."

"मला बघून दार लावून घेतील."

"कंबर मोडलीय त्याची. दारापर्यंत येईस्तोवर तू आत जाऊन बसलेला असशील."

इनासला हसू आले नाही. तो पंचाची घडी घालत राहिला, मोडत राहिला. एवढ्या दिवसांच्या उपवासाचा शीण त्याच्या अंगावर जणू आत्ता एकदम उतरला होता. गुडघ्यांवर हात टेकून तो उठला.

"त्यांनी माझ्या बाबांना मातीसुद्धा दिली नाही, फादर."

"नाही दिली."

"आणि मी जायचं."

फादरांनी मोजा उचलला, पायात घालायचा प्रयत्न केला, आणि तो तसाच हातात धरून बसले.

इनास दारापर्यंत गेला. उंबऱ्यावर थांबला. संध्याकाळच्या मिस्साला अजून अवकाश होता. समोर वाडीतून त्याच्या घराकडे जाणारी वाट, आणि तिला लागूनच ते कुंपण.

"मला जमेल असं वाटत नाही," तो मागे न बघता म्हणाला. "प्रार्थना करा माझ्यासाठी. माझा विश्वास वाढू दे म्हणून."

"विश्वास आहे तेवढा पुरे," फादर म्हणाले. "घरात खोबरेल आहे का? त्याच्याही टाचांना भेगा पडल्या असतील."