केसाएवढी रेषा

"पण अक्षरांत वाईट काय आहे, ते तरी सांगा ना, मास्तर..."

उपेंद्रने तिसऱ्यांदा विचारलं. त्याला अक्षरकला शिकवणारे नेरूरकर मास्तर दारातून ओटीकडे पाहत होते.

मास्तरांच्या बायकोचं, काकूंचं, तेरावं कालच झालं. निमंत्रणाची कार्डं उपेंद्रने हौसेने छापून दिली होती, स्वतः घडवलेल्या नव्या फॉन्टमध्ये. उभ्या रेषा टपोऱ्या, आडव्या अगदी केसाएवढ्या बारीक. मासिकवाल्यांनी मथळ्यांसाठी तो डोक्यावर घेतला होता. मास्तरांनी मात्र वीस वर्षांत त्याच्या एकाही अक्षराला 'बरं' म्हटलं नव्हतं. काकूंच्या कार्डाला तरी म्हणतील, अशी वेडी आशा तो धरून बसला होता. शिष्याची भूक, दुसरं काय!

"इतकी नाजूक रेषा मराठीत कुणी काढली नाही," तो म्हणाला.

"खरं आहे." मास्तरांनी मान हलवली. "ओटीवर कोण बसलंय, पाहिलंस?"

ओटीवर एक म्हातारी बसली होती. मांडीवर फणसपोळीची पुरचुंडी, हातात कार्ड.

"तुझ्या काकूची थोरली बहीण. बायो. कानांनी ठार बहिरी, म्हणजे फोनचा उपयोग नाही. तिचा सगळा भरवसा कागदावर. नजर मात्र अधू. सकाळच्या एसटीने आली..."

"आज? पण तेरावं तर काल..."

मास्तर उठले. त्यांनी उपेंद्रच्या नाकावरची चाळिशी हलकेच काढून घेतली आणि कार्ड त्याच्यासमोर धरलं.

"वाच."

उपेंद्रने कार्ड जवळ आणलं, लांब नेलं. एवढ्याशा अक्षरांतल्या बारीक रेषा कुठल्या कुठे गेल्या होत्या. नुसत्या जाड रेषा उभ्या होत्या, तार चोरीला गेलेल्या कुंपणाच्या खांबांसारख्या. काकूंचं नाव लागेना. तारीख तर नाहीच नाही.

धाकट्या बहिणीच्या तेराव्याला थोरली मुकली होती, आणि तेही त्याच्या हौसेपायी.

"पुसून टाकतो हा फॉन्ट," तो रडवेला होऊन म्हणाला.

"कशाला? मथळ्यात शोभतो. दुकानाच्या पाटीवरही शोभेल." मास्तरांनी कार्ड त्याच्या हातातून घेतलं. "हिच्या कार्डावर मात्र..."

त्यांनी दाराबाहेर बोट दाखवलं.

बाहेर बायो बहिणीचं नाव शोधत कार्डावरून बोट फिरवत होती. पुन्हा... पुन्हा...

मास्तरांनी डोळे पुसले. चाळिशी परत दिली. फळीवरचा सगळ्यात जाड बोरू काढून उपेंद्रच्या हातात ठेवला आणि कोरा कागद पुढे सरकवला.

"बायोला जेवणाचं निमंत्रण लिही."

"पण मास्तर, जेवण तर होऊन गेलं... तारीख कुठली घालू?"

"आजची. तू लिही, मी भात टाकतो."