अळणी पिठले

एकदा एका नदीकाठच्या मठात एक वाईट बातमी आली, तेव्हा सगळे शिष्य तूर पाखडत होते. दिवस अगदी साधा होता. अंगणात सुपांचा आवाज चालला होता, टरफले वाऱ्यावर उडत होती, आणि मठाचे वृद्ध आचार्य ओट्यावर बसून तुटलेल्या जपमाळेचे मणी ओवत होते. दारात एक बैलगाडी थांबली. गाडीवान खाली उतरला, पण नेहमीसारखा पाणी मागायला पुढे आला नाही. बैलाच्या मानेवर हात ठेवून तो तसाच उभा राहिला.

"काय रे, आज गूळ नाही आणलास?" वामन नावाच्या शिष्याने विचारले.

"आमचे धाकले शेठ गेले," गाडीवान म्हणाला. "परगावी खरेदीला गेले होते, तिथंच ताप आला. मालक तिकडंच सगळं उरकून काल परत आले."

धाकले शेठ म्हणजे श्रीपती. पेठेतल्या गुळाच्या व्यापाऱ्याचा तो एकुलता एक मुलगा. मठाला लागणारी गुळाची ढेप तो स्वतः गाडीवर बसून आणून देत असे.

सुपे थांबली. आचार्यांनी मणी पंच्याच्या टोकात बांधून ठेवले, खांद्यावर उपरणे घेतले आणि त्याच गाडीत बसून ते पेठेकडे निघाले. निघताना त्यांनी त्र्यंबककडे पाहिले. त्र्यंबक जागचा हलला नाही.

त्र्यंबक हा आचार्यांचा सर्वांत हुशार शिष्य. लहानपणी तो पेठेतल्या पाठशाळेत शिकला, तेव्हा वार लावून जेवत असे. घरचे कोणी नव्हते, म्हणून आठवड्याचा प्रत्येक वार एकेका घरी. बाकीच्या घरी त्याला ओसरीवर वेगळे पान मिळे. गुरुवार मात्र गुळाच्या व्यापाऱ्याकडे असे. तिथे व्यापाऱ्याची पत्नी, जिला तो काकू म्हणे, त्याचा पाट श्रीपतीच्या पाटाला लागून मांडी आणि दोघांना एकाच पळीने वाढी. दोघे एकाच वयाचे होते. भूक लागली असे सांगायला त्र्यंबकला ज्या घरी लाज वाटत नसे, असे ते एकच घर होते.

पुढे तो मठात आला, मोठा झाला, निर्भयतेवर प्रवचने करू लागला. ती ऐकायला लांबून लोक येत. ती नुसती बोलण्यातली निर्भयताही नव्हती. सरपणाच्या ढिगात नाग निघाला तेव्हा सगळे पळाले होते, आणि यानेच त्याला काठीवर उचलून शेतापलीकडे नेऊन सोडले होते.

संध्याकाळी आचार्य परत आले, नदीवर स्नान करून ओलेत्यानेच ओट्यावर बसले.

"श्रीपतीची आई काही खात नाही," ते म्हणाले. "शेजारणी अन्न आणून देतात, ते तसंच पडून राहतं. बोलतही नाही." मग थांबून त्यांनी विचारले, "तू उद्या जाशील ना?"

"जातो, गुरुजी," त्र्यंबक म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो निघाला. गुळाच्या पेठेपर्यंत गेला. गल्लीच्या तोंडाशी उभे राहिल्यावर त्याला त्या घरासमोर काढून ठेवलेली पायताणे दिसली. आतून काहीच आवाज येत नव्हता. तो शेजारच्या गणपतीच्या देवळात शिरला, बराच वेळ प्रदक्षिणा घालत राहिला, आणि परत आला.

"फार गर्दी होती," त्याने सांगितले.

त्याच्या पुढच्या सकाळी तो म्हणाला, "थोडं चिंतन करतो आणि मग जातो. अशा वेळी काय बोलावं, ते नीट ठरवायला हवं." तो आंब्याखाली डोळे मिटून बसला. देह नाशवंत आहे, शोक हा मोहाचा परिणाम आहे, जे आले ते जाणारच आहे, अशी वचने तो एकापुढे एक लावू लागला. प्रवचनात ती सहज ओठांवर येत. आज प्रत्येक वचनानंतर त्याला काकूंचा चेहरा दिसे, आणि ते वचन बाजूला ठेवावे लागे.

दुपारी विहिरीवर वामन पाणी ओढत होता. त्र्यंबक हात धुवायला आला.

"काय रे, नागाला काठीवर घेतोस आणि काकूंना भितोस?" वामन म्हणाला. "चावतात की काय त्या?"

"गप बस, वामन."

"मी कुठं काय म्हणतोय? देवळातले पुजारीच विचारत होते, तुमच्या त्र्यंबकानं एवढ्या प्रदक्षिणा घातल्या त्या कुठला नवस फेडायला?"

त्र्यंबक हसला नाही. त्याचा चेहरा पाहून वामनने दोर खाली ठेवला.

"काय झालं रे?"

"आम्ही एका वयाचे, वामन. तिच्या पंक्तीला शेजारी शेजारी बसून वाढलो. मी दारात उभा राहिलो तर तिला काय दिसेल? मी जिवंत दिसेन."

वामनने दोर उचलला. त्याने पोहरा पुन्हा विहिरीत सोडला.

विहिरीच्या बाजूलाच ओटा होता. तिथे बसलेल्या आचार्यांनी हे ऐकले. ते उठले आणि स्वयंपाकघरात गेले. त्यांना तिथे शिरलेले कोणी कधी पाहिले नव्हते. थोड्याच वेळात आतून भांडी पडल्याचा आवाज आला, म्हणून वामन धावत गेला.

"गुरुजी, काय हवंय?"

"डाळीचं पीठ कुठं दडवून ठेवता तुम्ही लोक?"

"पिठलं करायचंय का? सरका, मी करतो ना."

"तूच सरक. मध्ये मध्ये करू नकोस."

स्वयंपाकघरातून फोडणी करपल्याचा वास आला. सगळे शिष्य दाराशी जमले. कपाळाचा घाम पुसत, पळी दोन्ही हातांनी धरून आचार्य ढवळत होते. शेवटी त्यांनी ते पिठले पितळी तपेल्यात ओतले, सकाळच्या भाकरी फडक्यात बांधल्या, आणि तपेले त्र्यंबकच्या हातात दिले.

"हे काकूंना नेऊन दे. गरम आहे तोवर पोचव."

"गुरुजी, पण काय बोलायचं ते माझं अजून..."

"तुला बोलायला कोण सांगतंय? पिठलं पोचवायला सांगतोय. निवलं की त्याचा गोळा होतो. चल, निघ."

"आणि त्यांना सांगू काय?"

"जेवा म्हणावं."

त्र्यंबक निघाला. फडके पातळ होते. बांधापर्यंत जाईतो हात भाजू लागला. त्याने तपेले या हातातून त्या हातात घेतले, मग उपरण्याची घडी खाली धरली, मग पावले लांब टाकली. आंब्याखाली जुळवलेले एखादे वचन आठवावे, तर तपेले कलंडू लागे. गणपतीचे देऊळ लागले; पण उकळते पिठले घेऊन प्रदक्षिणा घालता येत नाहीत. तो तसाच पुढे गेला.

ओसरीवर व्यापारी चार माणसांत बसला होता. त्याने त्र्यंबककडे पाहिले आणि पाय आखडून वाट दिली. आत माजघरात काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. जवळ दोन शेजारणी होत्या. कोपऱ्यात झाकून ठेवलेले ताट तसेच होते.

काकूंनी मान वर केली, आणि ज्याची त्याला भीती वाटत होती तेच झाले. त्याला पाहताच त्यांचा चेहरा विस्कटून गेला. त्र्यंबकला क्षणभर वाटले, मागे फिरावे. पण तपेले हातात होते.

"काकू, हे कुठं ठेवू? हात भाजतोय."

"ठेव, ठेव, त्या पाटावर ठेव," काकू म्हणाल्या. "अरे, फडकं तरी जाड घ्यायचं."

शेजारणींनी एकमेकींकडे पाहिले. बातमी आल्यापासून त्या घरात काकूंचा आवाज कोणी ऐकला नव्हता.

त्र्यंबकने पानावर थोडे पिठले वाढले, भाकरीचा तुकडा ठेवला. "गुरुजींनी स्वतः केलंय. थोडं खा."

"नको रे बाळा."

"एक घास. जेवा म्हणून सांगितलंय त्यांनी."

काकूंनी एक घास तोंडात घातला आणि हात थांबवला. "त्र्यंबक, यात मीठ नाही."

त्र्यंबक गोंधळला. मग त्याला एकाएकी उलगडा झाल्यासारखे वाटले. तो ताठ बसला. "अशौचात अळणी अन्न घ्यावं असं शास्त्रच आहे, काकू. रसनेचा संयम केला की शोकाचा वेगही हळूहळू..."

"आधी तू चाखून बघ."

त्याने चाखले. पिठल्यात गाठी होत्या, फोडणी करपली होती, आणि मिठाचा कणही नव्हता. त्याने ते कसेबसे गिळले.

"चांगलं आहे," तो म्हणाला.

काकू त्याच्याकडे पाहत राहिल्या. "चांगलं आहे म्हणे! तेव्हाही असाच खोटं बोलला होतास. आमटीत मीठ घालायला विसरले होते मी, आणि तू मान खाली घालून सगळी वाटी संपवलीस. वर म्हणालास, छान झालीय. तेव्हा श्रीपती ओरडला, आई, याला काही कळतं का बघ, मघापासून नुसतं गरम पाणी पितोय!"

ते नाव त्यांच्या तोंडून आले आणि त्या हसता हसता रडू लागल्या. त्र्यंबकही रडला. वचनांपैकी एकही त्याला आठवले नाही, आणि आठवत नाही हेही त्याच्या ध्यानात आले नाही.

बऱ्याच वेळाने काकूंनी पदराने तोंड पुसले. "जा, फडताळातून मीठ घेऊन ये."

तो आत गेला. फडताळ उघडले, खाली-वर शोधले. "काकू, इथं नाही!"

"खालच्या फळीवर बघ. डाव्या हाताला."

"इथं हळद आहे."

"तिच्या मागं असेल! समोर ठेवलेलं दिसत नाही तुम्हा लोकांना," असे म्हणत काकू भिंतीला हात लावून उठल्या. एक शेजारीण आधार द्यायला पुढे झाली. दुसरीने तिचा हात धरून तिला खाली बसवले. काकू चालत आत गेल्या, मिठाची बरणी घेऊन आल्या, पिठल्यात मीठ घातले, ढवळले, गाठी मोडल्या. मग भाकरी मोडून अर्धी त्यांनी त्र्यंबकच्या पुढे ठेवली. दोघे जेवले.

तो निघाला तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "वाट बघितली रे तुझी."

मठात परतल्यावर स्नान करून त्र्यंबक आचार्यांपुढे बसला. सगळे सांगून झाल्यावर त्याने हात जोडले. "गुरुजी, आता मला उमगलं. तुम्ही मुद्दाम मीठ घातलं नव्हतं. ते नव्हतं म्हणून त्या बोलल्या, उठल्या, जेवल्या."

"मीठ नव्हतं?" आचार्य म्हणाले.

"म्हणजे?"

"अरे, विसरलो वाटतं. ढवळताना तो पोरगाच डोळ्यांपुढे होता. ढेप उतरवताना दर वेळी म्हणायचा, गुरुजी, यातला गूळ वामनापासून सांभाळा."

"मी सांगत होतो, मी करतो म्हणून," दाराआडून वामनचा आवाज आला.

त्र्यंबकने पुन्हा विचारले, "मग मला पाठवलंत ते माझी भीती घालवायला ना?"

"नाही रे. तिला भूक लागली असेल म्हणून."

आचार्यांनी त्याचा भाजलेला हात आपल्या हातात घेऊन पाहिला.

"त्र्यंबक, आधी भीती जाईल आणि मग मी जाईन, असा तू क्रम लावला होतास. त्या क्रमानं कोणी कुठं पोचत नाही. भीती माणसाला एकच गोष्ट विचारत राहते, माझं कसं होईल. तू वामनला म्हणालास, मी जिवंत दिसेन. त्यातसुद्धा तू तुझ्याकडेच बघत होतास. तुझा हात भाजत होता, तिनं खाल्लं नव्हतं, बरणी सापडत नव्हती, तेव्हा तुझी भीती कुठं होती?"

"आठवत नाही."

"तू भीती घालवली नाहीस. तिच्याकडे बघायला तिथं कोणी मोकळं नव्हतं, एवढंच. आणि तिची लाजही वाटून घेऊ नकोस. नागाला तू भ्याला नाहीस, कारण त्याच्यात तुझा जीव गुंतला नव्हता. जिथं जीव गुंतलेला असतो, तिथंच माणूस दाराशी अडखळतो. म्हणजे तुला आत नेणारी माया तुझ्यापाशी होतीच. तू वचनं जुळवत बसलास आणि ती बाहेरच ठेवलीस."

"ती भीती परत येईल का, गुरुजी?"

"येईल की. ती आली म्हणून तिच्याशी वाद घालत बसू नकोस. कोण उपाशी आहे तिकडे बघ."

पुढच्या गुरुवारी कोणी न बोलावता त्र्यंबक काकूंकडे जेवायला गेला. त्याच्या पुढच्याही गुरुवारी गेला. त्याच्या प्रवचनातली वचने त्यानंतर कमी झाली, असे ऐकणारे म्हणत. पण लोक येत राहिले.

ज्यांच्या घरी असा दिवस येऊन गेला आहे, त्यांना कोण काय बोलले ते फारसे आठवत नाही. कोण आले, ते आठवते. म्हणून ज्या दाराशी आपले पाऊल अडते, तिथे काहीतरी गरम घेऊन जावे आणि ते निवण्यापूर्वी पोचावे.

काकू पुढे पुष्कळ वर्षे होत्या, आणि त्र्यंबकचा गुरुवार कधी चुकला नाही. सुरुवातीला तो का आला नाही, हे त्यांनी कधी विचारले नाही. त्याचेही ते त्यांना सांगायचे राहून गेले.