सतरा नंबरची हजेरी

आमच्या शाळेत राजोपाध्ये नावाचे डायरेक्टर आले. एका जुन्या कादंबरीवर त्यांनी भुताचा पिक्चर काढलेला. त्यात सतरा नंबरची मेलेली मुलगी रोज वर्गात हजेरी देते. तो त्यांनी आम्हाला शाळेच्या हॉलमध्ये दाखवला. आम्ही मात्र खिदळलो, कारण भुताचा मेकअप ओघळत होता.

ते भडकले. हेडसरांना म्हणाले, "पुस्तकाला तर कुत्रंही भीत नाही. ग्रंथालय बंद करा, तिथे माझे पिक्चर दाखवा." हेडसर मान डोलवायला लागले. ग्रंथालयाच्या दमयंतीबाई रडवेल्या झाल्या.

मी उठलो. "सर, तुमचा पिक्चर ज्यावर आहे, त्याच पुस्तकातलं एक पान ऐका. नाही घाबरलात, तर खुशाल टाळं लावा."

"वाच की!"

मी दमयंतीबाईंकडून ते पुस्तक घेतलं, पंखे, दिवे बंद केले आणि दारातल्या उजेडात वाचू लागलो. "नंबर पंधरा? हजर. सोळा? हजर. सतरा?"

पुढे मी वाचलंच नाही, नुसता उभा राहिलो. हॉलमध्ये कुणी खोकेनासुद्धा. राजोपाध्यांनी हळूच वळून मागच्या रिकाम्या बाकाकडे पाहिलं.

"सर, तुमचं भूत समोर दीड तास नाचलं, तेव्हा तुम्ही जांभया देत होता. आता मागे काय बघताय?"

हेडसर खो खो हसले आणि ग्रंथालय राहिलं. राजोपाध्यांची नजर मात्र त्या बाकावरून हलतच नव्हती.