भावपाखरू आणि काळ्या लोकरीचा दोरा

एक होता राजा, आणि त्याला भूक म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. सुखसेन त्याचं नाव. ताट समोर यायचं, तो जेवायचा, हात धुवायचा. ताटातली भाकरी कुठून आली, हे त्यानं जन्मात कधी विचारलं नाही. अशा माणसाच्या हाती राज्य होतं, बरं का. पण ही गोष्ट त्याची नाही. ही गोष्ट म्हाळसेची.

आधी पांघरूण नीट घ्या. पाय उघडे राहिले की सर्दी होते. हं, आता ऐका.

राजाच्या नगराला तीन बाजूंनी तीन खिंडी होत्या, म्हणून त्याचं नावच तीनखिंडी. दर सोमवारी तिथं बाजार भरायचा. खिंडींच्या पलीकडून गाड्या यायच्या, गाड्यांत ज्वारीची पोती असायची. आणि बाजाराच्या मधोमध होता एक उंच खांब. खांबाला खालपासून वरपर्यंत खुंट्या. त्या खुंट्यांवर एक पाखरू बसायचं. मुठीएवढं, हळदीसारखं पिवळंधमक. त्याला सगळे भावपाखरू म्हणायचे, आणि ते बसेल त्या खुंटीचाच भाव सगळा बाजार मानायचा.

ते कुणाचंच नव्हतं. त्याला कुणी पाळलं नव्हतं, पढवलं नव्हतं. ज्वारी भरपूर आली की ते आपलं आपण उतरायचं, अगदी खालच्या खुंटीवर येऊन बसायचं. मग एका घोंगडीला पोतंभर ज्वारी. पोती थोडी आणि घेणारी माणसं फार झाली, की ते एकेक खुंटी वर चढायचं. मग त्याच घोंगडीला पायली मिळाली तरी पुष्कळ. आणि वर चढलं की ओरडायचं. असं ओरडायचं, की तिन्ही खिंडींपलीकडं ऐकू जावं. तिकडचे शेतकरी कान टवकारायचे. तीनखिंडीत ज्वारीला मोल आलं, म्हणायचे, उघडा पेव, जुंपा बैल. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार. मग गाडीमागं गाडी यायची, पोत्यांच्या थप्प्या लागायच्या. झालं, पाखरू परत खाली. विहिरीतल्या पोहऱ्यासारखं, वर गेलेलं खाली यायचं, खाली गेलेलं वर यायचं. राजाला कधी त्यात बोट घालावं लागलं नाही.

म्हाळसा होती धनगराची. तिचा नवरा बिरा दिवाळी झाली की मेंढरं घेऊन लांब रानात जायचा, तो पावसाच्या तोंडाला परत. घरी ती, चार मेंढ्या आणि एक पोर, धुरपी. म्हाळसा काळी लोकर कातायची, घोंगड्या विणायची, त्यावर घर चालायचं. धुरपी शिंकली तरी म्हाळसेच्या काळजात धस्स व्हायचं. पोर निजली की ती तिच्या नाकाशी बोट धरून बसायची, श्वास चालतोय ना बघायला. शेजारणी हसायच्या. हसू देत. एकटीनं पोर वाढवावं, मग कळतं.

एका साली पाऊस आला तो नुसता तोंड दाखवायला. ज्वारी हातभर वाढली नि तिथंच वाळली. बाजारात पोती थोडी झाली, पाखरू चढायला लागलं. एक खुंटी, दोन खुंट्या, मग एकदम टोकावर. आणि वरून ओरडायला लागलं. लोक इतके संतापले. कुणावर संतापले म्हणाल, तर पाखरावर. म्हाळसाही संतापली. धुरपीची भाकरी चतकोर झाली होती, आणि हे पिवळं कार्टं वर बसून गात होतं. तिनं ढेकूळ उचललं आणि मारलं फेकून. लागलं नाही, पण मारलं खरं.

त्या नगरात एक भुजंगशेट होता. हसरा माणूस. खांद्यावर पांढरंशुभ्र उपरणं, जिभेवर गूळ. तो गेला राजाकडं. म्हणाला, महाराज, प्रजा महागाईनं रडते आहे. पाखरू खालच्या खुंटीला बांधून टाका, म्हणजे कायमची स्वस्ताई. राजाला फार आवडलं. खर्च काही नाही आणि जयजयकार मात्र फुकट.

मग पाखराला रेशमी दोरीनं बांधलं. पाखरानं झटका दिला, रेशीम तुटलं. मग लोखंडी साखळी आणली. इवलासा पाय तो, साखळीतून सुळकन निसटला. मग भुजंगशेट म्हणाला, काळ्या लोकरीचा दोरा आणा, धनगराच्या बाईनं कातलेला. तो तुटत नाही नि निसटत नाही. सगळ्यांनी म्हाळसेकडं बघितलं. म्हाळसेनं आनंदानं दोरा दिला. नुसता दिला नाही, आपल्या हातानं बांधला, आणि गाठ मारली धनगरी. ती गाठ अशी, की जो हात मारील त्याच हाताला सुटते. लोकांनी टाळ्या पिटल्या. पाखरू खालच्या खुंटीवर बसलं आणि बारीक आवाजात चिवचिवलं. तो आवाज बाजाराच्या वेशीपर्यंतसुद्धा गेला नाही.

पुढं काय झालं, ते ऐका.

पहिल्या सोमवारी स्वस्ताई झाली. एका घोंगडीला पोतंभर ज्वारी. पण उन्हं वर यायच्या आत बाजार रिकामा. भुजंगशेटची माणसं पहाटेच येऊन पोती उचलून गेली होती. दुसऱ्या सोमवारी गाड्या आल्या निम्म्याच. त्या शेतकऱ्यांनी पाखरू कुठं बसलंय ते बघितलं, कपाळाला हात लावला. म्हणाले, एवढ्यात तर बैलांची पेंडसुद्धा सुटत नाही, आम्ही परत येतोय कशाला. आणि तिसऱ्या सोमवारी एकही गाडी आली नाही. खिंडीपलीकडच्यांनी काय समजायचं? पाखरू ओरडत नाही, म्हणजे तीनखिंडीत सगळे पोटभर जेवतायत. त्यांची पेवं बंद ती बंदच.

म्हणजे बघा, ज्वारी होती स्वस्त. फक्त ज्वारी नव्हती.

आणि मग बाजाराच्या कडेला भुजंगशेटचं पाल लागलं. आत पोती होती. पण तिथं भाव कुणी तोंडानं बोलत नसे. ढोरांच्या बाजारात दलाल कसे करतात, उपरण्याखाली हात घालायचा नि बोटं दाबून सौदा करायचा, तशी रीत त्यानं ज्वारीला लावली. त्याच्या पांढऱ्याशुभ्र उपरण्याखाली त्याचा हात, तुमचा हात. त्यानं तुमचा अंगठा धरला तर मेंढरू द्या. मधलं बोट धरलं तर घोंगडी द्या. आणि करंगळी म्हणजे घरातलं लेकरू, कामाला ठेवायचं. करंगळी त्यानं अजून कुणाची धरली नव्हती. ती असते एवढं फक्त ठाऊक होतं. सौदा झाला की गप्प उठायचं, तोंडावर काही दाखवायचं नाही, कुणाला काही सांगायचं नाही. सांगितलं तर पुढच्या वेळी पालात पाय ठेवायचा नाही.

म्हाळसा पहिल्यांदा गेली. त्यानं मधलं बोट धरलं. बिरासाठी विणलेली नवी घोंगडी गेली, पायली ज्वारी आली. पायली म्हणजे ती किती, आठवडाभर पेज करून पुरवली.

दुसऱ्यांदा गेली. त्यानं अंगठा धरला, सोडला, परत धरला. दोन मेंढ्या गेल्या. अर्धी पायली आली. ती बाहेर पडली तेव्हा कासारीण हसतमुखानं आत जात होती, म्हाळसेला वाटलं, हिला स्वस्त मिळत असेल. आपणच बावळट, आपल्यालाच सौदा जमत नाही. प्रत्येकीला असंच वाटत होतं, बरं का. तेच तर हवं होतं त्या मेल्याला.

घरी येऊन बघते तर धुरपी तापलेली. रात्रभर कपाळावर ओलं फडकं ठेवलं. ताप उतरला, पण पोर काडीसारखी झाली. डोळे उघडले नि म्हणाली, "आये, भाकरीचा वास येतोय का गं?" वास कसला. चूल तीन दिवस धड पेटली नव्हती.

तिसऱ्यांदा म्हाळसा गेली ती धुरपीला कडेवर घेऊनच. घरी एकटी कशी ठेवायची? पालात बाकीचे लोक रांगेनं बसलेले, माना खाली. भुजंगशेट हसला. धुरपीच्या गालाला हात लावून म्हणाला, "पोरगी सुकलीय गं, म्हाळसाबाई." आणि उपरणं पसरलं.

त्याच्या हातानं अंगठा चाचपला, सोडला. मधलं बोट चाचपलं, सोडलं. आणि मग करंगळी धरली. अलगद. मनगटाकडं वाकवली.

म्हाळसेला आधी वाटलं, चुकून धरली. मग त्यानं पुन्हा दाबली आणि हळूच म्हणाला, की पोरीचे हात लहान आहेत, थप्प्यांच्या सांदीतली ज्वारी झाडायला बरे. निदान दोन वेळा खाईल तरी.

आणि एक क्षण, एकच क्षण, म्हाळसेच्या मनात आलं, की खरंच, खाईल तरी. आईच्या मनात असं यावं. कुणी आणलं ते तिच्या मनात? पावसानं? पाखरानं? तिनं वर बघितलं तर हा हसत होता. मग तिच्या अंगाचा असा भडका उडाला, की तिनं दुसऱ्या हातानं ते उपरणं धरलं आणि ओढून काढलं. भर पालात त्याच्या मुठीत तिची करंगळी सगळ्यांना दिसली.

"पायलीला ह्यानं माझी पोर मागितली," ती म्हणाली. ओरडली नाही. नुसतं सांगितलं.

भुजंगशेट म्हणाला, "भाव मोठ्यानं बोलायचा नसतो, बाई. रीत मोडू नको."

"रीत ढोरांची हाय. मी माणूस हाय. आता पुढं सांगा कुणाचं काय गेलं ते."

हे ती रांगेतल्या लोकांकडं वळून म्हणाली. मग कासारीण उठली, म्हणाली, माझ्या दोन दुभत्या शेळ्या गेल्या. मग एक म्हातारा उठला. म्हणाला, माझ्याकडून घराचं दार नेलं, थंडीत गोणपाट लावून निजतो. मग एक न्हावी म्हणाला, मला तर पाव पायलीच दिली आणि वर्षभर फुकट दाढी. तेवढ्यातही कुणीतरी फिसकन हसलं. ज्वारी तीच, दिवस तोच, आणि भाव प्रत्येकाचा वेगळा. ज्याची नड जास्त, त्याची कातडी जास्त सोललेली. उपरण्याखाली कुणाला कुणाचं दिसत नव्हतं, म्हणून चाललं होतं.

म्हाळसा तिथं थांबली नाही. तशीच गेली खांबाकडं. पाखरू खालच्या खुंटीवर, पिसं गळालेली, दोऱ्यानं पाय काळानिळा. तिचाच दोरा, तिचीच गाठ. तिनं बोटं लावली आणि गाठ सुटली.

पाखरू उडालं ते थेट टोकावर. आणि ओरडलं. इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं ओरडलं. पहिल्या खिंडीपलीकडं गेलं, दुसऱ्या खिंडीपलीकडं गेलं, तिसरीच्याही पलीकडं गेलं.

शिपायांनी म्हाळसेला धरलं. राजा पालखीतून आला, बाजारात तो पहिल्यांदाच येत होता. नाकाला रुमाल लावून त्यानं विचारलं, आमचं पाखरू कुणी सोडलं? आता भाव टोकाला गेला, प्रजा खाणार काय?

पोर कडेवर घेऊनच म्हाळसा बोलली.

"म्हाराज, पाखरू कुणाला उपाशी मारत नव्हतं. ते नुसतं सांगत होतं. आपण सांगणाराला बांधलं. मी बी बांधलं, माझ्या हातानं. म्हणून खिंडीपल्याड कुणाला कळलंच न्हाई आमच्या चुली इझल्या त्या. आता ऐकलंय त्यांनी, येतील. येईस्तवर काय खायाचं, तर तुमच्या कोठारात हाय ते. पाखरू बांधाया तुमचं काय गेलं न्हाई, म्हणून ते तुम्हाला लगेच सुचलं. कोठार उघडायला पदरचं जातं."

धुरपीनं राजाकडं बघितलं आणि विचारलं, "तुमी आज भाकरी खाल्ली?"

राजानं खाल्ली होती. दोन, तूप लावून. आणि तो लाजला. राजेसुद्धा लाजतात, फक्त त्यांना जवळून विचारावं लागतं. त्यानं म्हाळसेला सोडायला सांगितलं, कमरेच्या किल्ल्या काढल्या आणि शिपायाकडं दिल्या. त्याच दिवशी कोठार उघडलं. ज्यांच्या घरी दाणा नव्हता त्यांना मापानं ज्वारी मिळाली, उपरणं नाही की बोटं नाहीत.

आणि पुढच्या सोमवारी काय झालं? पहिल्या खिंडीतून घुंगरांचा आवाज आला. मग दुसऱ्या खिंडीतून आला. मग तिसऱ्या खिंडीतून इतक्या गाड्या आल्या, की धुळीनं खांब दिसेना. पोती उतरली आणि पाखरू एक खुंटी खाली आलं. आणखी उतरली, आणखी एक खुंटी. भुजंगशेटची धांदल उडाली. पाखरू तळाला यायच्या आत आपली पोती खपवायला तो धावला. पोती उघडतो तर ज्वारीला कीड. दडवून ठेवलेल्याचं तेच होतं. सगळी कोंबड्यांना घालावी लागली, कोंबड्या तेवढ्या खूश झाल्या.

त्या दिवसापासून तीनखिंडीत ज्वारीचा भाव मोठ्यानं, चारचौघांत सांगायचा, झाकून नाही. लोकांकडून घेतलेलं सगळं भुजंगशेटला परत करावं लागलं. म्हाताऱ्याचं दार परत आलं, शेळ्या परत आल्या, मेंढ्या आल्या, बिराची घोंगडी आली. उपरणं मात्र म्हाळसेनं परत दिलं नाही. चुलीवरची तापलेली तवली उतरवायला तिला बरं पडतं. आणि तो काळा दोरा खांबाला तसाच लोंबत ठेवलाय. पुन्हा कुणाला बांधायची बुद्धी झाली, तर आधी त्याच्याकडं बघावं.

बिरा रानातून आला, धुरपीनं त्याला अख्खी भाकरी वाढली, आणि ती सगळी पोटभर जेवून सुखानं राहिली. रात्री म्हाळसेनं धुरपीच्या नाकाशी बोट धरलं. श्वास गरम, संथ. मग तीही निजली.

तुमचंही पोट भरलंय ना? मग मिटा डोळे. आणि पाय आत घ्या म्हटलं ना, थंडी आहे.