पाठीमागची देवी

रोममध्ये सम्राटांचं राज्य होतं, तेव्हाची गोष्ट. काशाच्या एका नाण्यावर पुढे राणी होती आणि मागे बाळंतिणींची देवी. पाठीला पाठ, त्यामुळे दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं. पण कोरणाऱ्याने देवीला राणीचाच हसरा चेहरा दिला होता, हे दोघींनाही ठाऊक होतं. राणीला खूश करायची ती रीतच होती.

पुढे सम्राटाची मर्जी फिरली. त्याने राणीला ठार मारलं आणि नाण्यांवरचा तिचा चेहरा घासून काढायचा हुकूम सोडला. तर्शियस नावाच्या कारागिराने कानस उचलली.

"देवी," नाण्यावरची राणी म्हणाली, "तुझा चेहरा माझाच आहे, एवढं त्याला सांग. मग देवीचाच चेहरा म्हणून माझ्यावरही कानस चालवायला तो धजणार नाही."

"सांगितलं तर तो मलाही घासेल."

"मी तुला रोज फुलं वाहत होते."

कानस फिरू लागली. आधी राणीचं नाक गेलं, मग ओठ गेले, आणि तिचं बोलणं थांबलं.

तेवढ्यात तर्शियसची बायको गालिया धावत आली. "मागची देवी राहू द्या हो. आपली लेक अडलीय." तिने नाणं उलटं करून कोनाड्यात ठेवलं आणि हात जोडले. "आई, तूच सोडव तिला."

आतून लेकीच्या किंकाळ्या येत होत्या. मी कुणालाच वाचवत नाही, हे निदान हिला तरी सांगावं, असं देवीला वाटलं. पण कानस अजून समोरच पडली होती.

देवी हसत राहिली. दुसरा चेहरा तिच्याकडे नव्हताच.