तेलिणीने एकच पाय धुतला

फार पूर्वी, माणसं आजच्याइतकीच शहाणी होती त्या काळी, डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावात एक तेली आणि एक तेलीण राहत. त्यांच्या घरी एक घाणा आणि घाण्याला एक बैल. बैल मुका, तेली बोलका आणि काम तेलिणीकडे, त्यामुळे घर अगदी सुरळीत चाललं होतं.

डोंगरापलीकडे एक मठ होता. आईबाप नसलेली लेकरं तिथे राहत. त्यांच्या पोटासाठी दरवर्षी गावातला एक गडी अनवाणी फेरीला निघे, आसपासची गावं पालथी घाली, दारोदार धान्य मागे आणि पोती भरून परते. त्या वर्षी तेली चावडीवर उभा राहून म्हणाला, "यंदा मी जातो."

लोकांनी टाळ्या पिटल्या. टाळ्या पिटायला काय जातं? चालणारे पाय दुसऱ्याचे.

पोती वाहायला तेल्याने बैल सोडला आणि तो निघाला. मागे घाणा कोण ओढणार, हे त्याने विचारलं नाही. पाटलाने विचारलं नाही, गुरवाने विचारलं नाही, आणि बैलाला तर बोलताच येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तिळाची गाठोडी घेऊन अख्खं गाव तेलिणीच्या दारात! सण तोंडावर आला होता ना.

"बैल फेरीला गेलाय, बाई," तेलीण म्हणाली. "धनी येईस्तोवर थांबा."

"थांबा काय थांबा? तळण कशात करू, पाण्यात?" पाटलीणबाई कडाडल्या. "नवरा उन्हात पुण्य करतोय आणि तू सावलीत बसून राहणार होय गं?"

तेलीण घाण्यापाशी गेली. तिने दोर खांद्याला बांधला आणि बैलाच्या जागी स्वतःला जुंपून घेतलं. गोल गोल, गोल गोल. तेली एका गावाहून दुसऱ्या गावाला जाई तेव्हा लोक त्याला ताक पाजत, हार घालत. तेलीण घाण्याभोवती जिथून निघे तिथेच परत येई, आणि तिला विचारत एवढंच, "झालं का तेल?"

तेल झालं. गावात चकल्या तळल्या, अनारसे तळले. पाटलाने मिशीलासुद्धा चोपडलं. मिशी अशी चकाके की माश्या घसरून पडत. पण बैलावाचून तेल निघालं कसं, असं एकाच्याही डोक्यात आलं नाही. डोक्यालाही तेलच लावलं होतं सगळ्यांनी.

शेवटी एके दिवशी उन्हं कलताना ढोल वाजला. तेली आला! गळ्यात हार, बैलावर पोती, पण पावलं फोडांनी सुजलेली, टाच फाटलेली. लंगडत लंगडत तो घराच्या पायरीपाशी येऊन टेकला. मागोमाग सगळं गाव.

आता या गावची एक रीत होती. फेरीहून आलेल्याचे पाय त्याच्या घरच्या माणसाने दिवस मावळायच्या आत कढत पाण्याने धुवायचे आणि तेलाने चोळायचे. आणि मग त्याच्याच घरी गावजेवण! पाय धुतले गेले नाहीत तर फेरी फुकट, धान्य ज्याचं त्याला परत, आणि मठातली लेकरं उपाशी. ही रीत कुणी घातली ठाऊक नाही. पण ज्याने घातली तो स्वतः कधी कुणाच्या पायाशी वाकला नसणार, हे मी पैजेवर सांगतो.

"अगं, पाणी आण!" तेल्याने हाक मारली.

आत भांडं खणखणलं, पण बाहेर कुणी आलं नाही.

"अगं ए! ऐकू येत नाही का? चार माणसांत लाज घालवतेस!"

"बघा, बघा," पाटलीणबाई म्हणाल्या. "नवरा देवमाणूस आणि बायको ही अशी."

तेव्हा तेलीण दाराच्या चौकटीला टेकत बाहेर आली. एका हातात पाण्याचं भांडं, दुसऱ्या हातात तेलाची वाटी. पहिल्या घाण्याचं तेल तिने नवऱ्याच्या पायांसाठी राखून ठेवलं होतं. दोन पावलं टाकली, हातातलं खाली ठेवलं. ती पायरीवर बसली ती बसलीच.

"उभी राहा, उभी राहा," गुरव म्हणाला. "बसून सेवा करायची रीत नाही."

"मग रीतीला सांगा येऊन करायला," तेलीण म्हणाली. गावाने तिला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, तुम्ही मोठं काम केलंत. तुमचे पाय बघवत नाहीत मला. पण माझ्या अंगात आज एका पायापुरतंच बळ आहे. एक धुते. नीट धुते. दुसरा मला जमणार नाही."

आणि तिने डावा पाय धुतला, तेलाने चोळला. फोडांना धक्का लागू न देता, हळूहळू. वाकताना खांद्यावरचा पदर सरला. तेल्याने तो खांदा पाहिला आणि तो पुढे झुकला. कातडं सोलून निघालं होतं. अशी जखम त्याने जन्मभर पाहिली होती, पण बैलाच्या मानेवर.

"घाणा तू ओढलास?"

"मग काय पाटलांनी ओढला?"

तेल्याचं तोंड लाल झालं. तो गर्रकन गावाकडे वळला. "बैल माझ्याबरोबर होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं! चकल्या खाताना घास कसा उतरला रे तुमच्या? आणि मी शहाणा! पुण्य करायला निघालो आणि घरात बैल करून ठेवला हिचा!" त्याने गळ्यातला हार ओढून काढला. "जा, मला नको तुमचं कौतुक."

गाव खाली मान घालून उभं. पण ऊन तर झाडाच्या शेंड्याला लागलं होतं.

"तेलीणबाई," पाटील चाचरत म्हणाला, "दुसरा पाय... दिवस चाललाय. लेकरांचं धान्य परत जाईल."

"लेकरांची मलाही काळजी आहे, पाटील. म्हणून तर एक धुतला. ज्याला घाई आहे त्याने दुसरा धुवावा."

"अगं, पण घरच्याच माणसाने धुवायचा असतो!"

"आमच्या घरचं तेल मिशीला लावताना तुम्ही घरचेच होता की," तेली गरजला. "आता परके झालात?"

पाटलाने गुरवाकडे पाहिलं. गुरवाला एकाएकी आभाळात काहीतरी दिसलं. बाकीचे एकमेकांच्या पाठीमागे सरकू लागले. तेवढ्यात, आश्चर्य म्हणजे, पाटलीणबाईंनीच नवऱ्याला कोपराने ढोसलं. तो खांदा पाहिल्यापासून त्यांची नजर तिथून हलली नव्हती.

"वाका आता! का उपाशी मारताय लेकरं?"

पाटील वाकला. आयुष्यात पहिल्यांदा. गुडघे कटकन वाजले, फेटा पाण्यात पडला.

"टाचेपाशी जपून, पाटील," तेलीण बसल्या जागेवरून म्हणाली. "फाटलीय तिथे. हां, अस्सं. बोटांच्या बेचक्यात राहिलं बघा."

उजवा पाय धुतला गेला, तेलाने चोळला गेला आणि दिवस मावळला. धान्य मठाकडे निघालं. कुणीतरी हळूच विचारलं, "आणि जेवण?"

"चूल आत आहे," तेलीण म्हणाली. "पेटवा, रांधा, आम्हा दोघांना वाढा, आणि जाताना भांडी घासून जा."

पाटलीणबाई आधी आत गेल्या. मग बाकीच्यांनाही जावंच लागलं.

त्यानंतर घाणा बंद राहिला. तेल्याचे पाय भरेपर्यंत, तेलिणीचा खांदा भरेपर्यंत, बैलाचीही दमणूक उतरेपर्यंत. गावाने कोरड्या भाकऱ्या मोडल्या. कुणी ना कुणी रोज दाराशी येऊन ओरडे, "तेल कधी मिळणार?"

आणि आतून तेली दबक्या आवाजात दटावे, "हळू बोल की रे! ती झोपलीय."

तात्पर्य: दमून आलेल्या जोडीदाराचे पाय जरूर धुवा, पण आपल्या अंगात बळ आहे तेवढेच, आणि हार घेऊन त्याच्या दारी जाणाऱ्यांनो, सोबत पाण्याची घागरही नेत चला.