सुट्टीचे सात नियम

“मग अजून काय करायचं राहिलंय माझं, बाई?”

तांदळे सरांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. खैरेबाई ओट्यावर बसून शेंगा फोडत होत्या, त्या फोडत राहिल्या. याच गावच्या शाळेत त्यांनी एकतीस वर्षं पहिली-दुसरीचा वर्ग सांभाळला होता. आता तो वर्ग तांदळे सरांकडे होता.

सर काही ऐरेगैरे मास्तर नव्हते. शाळा सुटताना मुलांनी काय करावं, यावरच्या त्यांच्या तक्त्याला जिल्ह्यात बक्षीस मिळालेलं. फळा पुसा, बसायच्या पट्ट्या गुंडाळा, कचरा उचला, दप्तर भरा, खिडक्या लावा, रांग करा, सावकाश चाला. सात नियम, सात रंगांत, मुलांना तोंडपाठ. तरी घंटा झाली की पोरं दारावर अशी तुटून पडायची की विचारू नका. गाणं झालं, शिट्टी झाली, वह्यांवर चांदण्या चिकटवून झाल्या. शेवटी सरांनी हात टेकले.

शुक्रवारी त्या रेटारेटीत दुसरीतली मुक्ता उंबऱ्यावर आपटली. हनुवटीला तीन टाके पडले. तिचा बाप शाळेत येऊन शांतपणे सांगून गेला, पुन्हा असं झालं तर पोरगी घरी बसेल. तो बोललेलं करणारा माणूस होता. मुक्ताची थोरली बहीण अशीच कशावरून तरी घरी बसली, ती बसलीच. तेव्हापासून सरांना घास गोड लागत नव्हता.

“मुक्ता पडली तेव्हा तुम्ही कुठे होता, सर?” बाईंनी विचारलं.

“...गाडीपाशी.”

“चालू झाली होती?”

सरांनी एक शेंग उचलून फोडायला घेतली.

गाडी चालू झाली होती. त्या आवाजात पोरीची रड त्यांना ऐकूच आली नव्हती, आणि याचीच त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटत होती.

बाईंनी टरफलं सुपात भरली आणि उद्या वर्गावर येते म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या आल्या. सरांनी पुढे केलेली खुर्ची सोडून सरळ मागच्या पट्टीवर, मुक्ताच्या शेजारी मांडी घालून बसल्या. आपली पिशवी त्यांनी दप्तरासारखी पुढ्यात ठेवली. पोरांना कोण मजा वाटली.

पाचला दहा कमी असताना सरांनी नियम म्हणायला लावले. वर्ग खणखणीत आवाजात म्हणू लागला.

सरांचे कान नियमांकडे होते. हात आपले रोजचं काम करत होते. हजेरी मिटली. पेन खिशात गेलं. बाटलीतलं उरलेलं पाणी खिडकीतून बाहेर गेलं. तालुक्याचं गाव बावीस किलोमीटर, अंधाराच्या आत पोचलेलं बरं. त्यांनी हेल्मेट उचललं.

“सावकाश चाला!” वर्गाने सातवा नियम म्हटला.

सरांनी वर पाहिलं. एकूण एक दप्तर पाठीवर होतं. एकूण एक पोर गुडघा वर करून, तळहात जमिनीला टेकून तयार होतं. आणि सगळ्यात मागे, खांद्याला पिशवी अडकवून, एक गुडघा वर केलेल्या सत्तरीच्या खैरेबाई.

सरांना आधी हसू आलं. मग ते गेलं.

“बाई... तुम्ही कुठे निघालात?”

“तुम्ही निघालात ना, सर. सगळा वर्ग तुमच्यामागे निघाला. मी एकटी बसून काय करू?”

सरांनी हेल्मेट खाली ठेवलं. गुडघे एकेक करून खाली आले.

घंटा झाली. दोघं-तिघं सवयीने दारापर्यंत धावलीच, पण मागे कोणी येईना म्हणून परत आली. सरांनी खिशातलं पेन टेबलावर काढून ठेवलं, फडकं घेतलं आणि वरच्या कोपऱ्यापासून फळा पुसायला लागले. पाठीमागे पट्ट्या गुंडाळल्याचा आवाज आला. मग एक खिडकी लागली, मग दुसरी. कोणाला काही सांगावं लागलं नाही.

मुक्ता शेवटी निघाली. उंबऱ्यापाशी थांबून तिने मागे पाहिलं.

“सर, तुम्ही नाही येत?”

“तू हो पुढे, बाळ.”

हापशापाशी तिचा बाप उभा होता. त्याने पोरीच्या पाठीवरचं दप्तर घेतलं, दारात उभ्या असलेल्या सरांकडे एकदा बघितलं आणि सकाळी लवकर पाठवतो म्हणाला. सरांच्या जिवात जीव आला.

आत येऊन ते मुलाच्या उत्साहाने म्हणाले, “बाई, तक्त्यावर आठवा नियम लिहू का? ‘सर शेवटी निघतील’, मोठ्या अक्षरांत?”

तक्ता मागच्या भिंतीवर होता, दारापासून सगळ्यात लांब. बाईंनी गुडघ्यावर हात टेकून उठत त्याच्याकडे एकवार पाहिलं.

“काढून ठेवा तो, सर. त्या खिळ्याला उद्यापासून हेल्मेट टांगा.”